पेन्सिल-पोर्ट्रेट आणि त्याची वेलींची चौकट

तुमचं चित्र पाहिलं. चेहरा छान बसलाय, पण गालावर बोट घासून छाया केली आहे, ते आधी थांबवा. 1810 पासून रोममध्ये राहिलेले जर्मन चित्रकार ओव्हरबेक आणि त्याचे सोबती टोकदार, कडक पेन्सिलने काढायचे. त्यांची छाया बारीक समांतर रेघांची. ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजायची फ्रेंच संशोधक कोंतेची पद्धत 1795 ची. मातीचं प्रमाण वाढलं की पेन्सिल कडक होते. तुम्ही 2एच ही कडक पेन्सिल घ्या, कागद गुळगुळीत घ्या, आणि टोक सारखं करत राहा.

खालच्या पापणीपाशी थांबा. ती नुसती रेघ नाही, तिला जाडी आहे. बुबुळ आणि पापण्यांचे केस यांच्यामधली ती अरुंद कड कोरी सोडा. तेवढ्यानेच डोळा ओलसर, जिवंत दिसतो! कोट मात्र चार रेघांत उरका. फ्रेंच चित्रकार अँग्र रोममध्ये तेच करायचा.

आता चौकट. सम्राट मॅक्सिमिलियनच्या प्रार्थनापुस्तकात जर्मन चित्रकार ड्यूररने समासात काढलेली वेलींची चित्रं 1808 मध्ये शिळाछापावर निघाली, आणि अशा वेलींची जर्मन चित्रकारांना फार ओढ लागली. त्यांच्या वेलीला मूळ असतं. तुमची वेल कोपऱ्यात हवेतच सुरू होते. ती खालून, देठापासून उगवू द्या. माझ्या पहिल्या चौकटीत पानं इतकी गडद झाली होती की बघणाऱ्याची नजर आजीच्या चेहऱ्यावर ठरेचना. म्हणून डोळे किलकिले करून बघा: चौकट आधी दिसली, तर खोडरबराने हलकेच टिपून ती फिकी करा.