वारीला जायचंय, मग लिथियमची गोळी बंद करायची का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही फलटण तालुक्यातले. माझ्या दिरांना बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार. मागच्या वर्षी दोन-तीन तास झोपून पण ताजेतवाने असायचे, उसाच्या बिलाचे पैसे उधळले, वर ट्रॅक्टर बुक करून आले, घरचे म्हणायचे बाहेरचं काहीतरी झालंय. आता लिथियमवर ठणठणीत आहेत. यंदा लोणंदपासून पंढरपूरपर्यंत पायी जायचं म्हणतात, आणि तेवढे दिवस गोळी नको, माऊली बघून घेतील म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, वारीला खुशाल जाऊ द्या पण गोळी सोडून नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, आणि लिथियम अचानक तोडलं की मॅनिया, म्हणजे मागच्या वर्षीसारखी मनाची चढलेली अवस्था, उलटायचा धोका वाढतो.

मला काळजी वेगळीच आहे. लिथियम हा साधा क्षार, मॅनियावर तो चालतो हे १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी दाखवलं. आपली किडनी त्याला मिठासारखंच वागवते. घाम, उलट्या, जुलाबात अंगातलं पाणी-मीठ गेलं की किडनी उरलेलं मीठ धरून ठेवते, सोबत लिथियमपण धरते आणि मग रोजचीच गोळी अंगावर येते. वारीत जुलाब काही नवीन नाहीत! म्हणून पाणी सतत, जेवणातलं मीठ नेहमीएवढं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊ दे, पण निर्जळी किंवा अळणी उपवास नको.

गुडघे दुखायला लागले की दिंडीत कोणीतरी ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक हातावर ठेवतोच, ती घ्यायची नाही, त्यानं लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालेल.

निघायच्या आधी रक्तातली लिथियमची लेव्हल बघा, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, साधारण ०.६ ते १.० असावी. थायरॉईड, किडनीच्या टेस्टला सहा महिने झाले असतील तर त्यापण. वाटेत हात जोरात थरथरले, जीभ जड झाली, झोकांड्या जायला लागल्या तर लिथियम जास्त झालंय असं समजून पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्या.

आणि झोप! रात्रभर भजनात जागायचं नाही, जागरणानंच मॅनिया पेटतो. दिंडीतल्या एका जाणत्या माणसाला आजाराचं नीट सांगून ठेवा, झोप दोन रात्री उडाली आणि बडबड वाढली तर त्यानं तुम्हाला फोन करावा. अडलंच तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.