आईला नसलेली माणसं दिसतात, हे वेड आहे का?

"आईला घरात नसलेली माणसं दिसतात. डोकं फिरतंय का तिचं?" हा प्रश्न घेऊन मुलं-सुना माझ्याकडे वरचेवर येतात. उत्तर एका आजींच्या निमित्तानं देते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी ऐंशीच्या घरातल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेले. वयामुळे मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजला होता. एका डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती. सुनेच्या लक्षात आलं की संध्याकाळी पॅसेजमधून येताना आजी मध्येच थांबतात, अंग चोरून कडेनं जातात. ताटातल्या भातावरून उगाच हात फिरवतात. खोदून विचारल्यावर एकदाचं त्यांच्या तोंडून निघालं, "मुलं उभी असतात गं तिथं."

मग घर हादरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोलावणं आलंय." मुलीनं गावाहून अंगारा पाठवला. मुलाला वाटलं, विसरण्याचा आजार सुरू झाला. त्यानं आईच्या हातातून बँकेचं पासबुकही काढून घेतलं.

मी आजींशी एकटीनं बोलले. घरच्यांसमोर अशी माणसं खरं सांगत नाहीत. आपल्याला वेड्यात काढतील ही धास्ती भासांपेक्षा मोठी असते.

"काय दिसतं, आजी?"

"रंगीत झबली घातलेली मुलं. कधी उंच फेट्यातले पुरुष. भिंतीवर, भातावर बारीक जाळी. सगळं इतकं स्पष्ट, की झबल्यावरची वेलबुट्टी दिसते. आणि समोर बसलेल्या तुमचा चेहरा मात्र दिसत नाही."

"बोलतात का ती?"

"छे. आवाज नाही, काही नाही. डोळे मिटले की जातात. मला ठाऊक आहे हो, ती नाहीत. पण दिसतात त्याला काय करू?"

थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "काकू म्हणतात, न्यायला आलेत. मग आमचे हे का नाही दिसले एकदाही? सगळी अनोळखीच."

त्यांच्या या बोलण्यात निदानाच्या बऱ्याच खुणा होत्या. चित्रं मुकी, बहुधा अनोळखी, अंधूक उजेडात आणि निवांत बसल्यावर येणारी, डोळे मिटल्यावर जाणारी. आणि ती खरी नाहीत याचं पक्कं भान. नजर अधू झालेल्या माणसांत आढळणाऱ्या या अवस्थेला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. बॉनेट हे जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक. त्यांच्या 89 वर्षांच्या आजोबांची नजर मोतीबिंदूनं गेली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. बॉनेट यांनी 1760 मध्ये ते लिहून ठेवलं.

असं का होतं? पाहण्याचं निम्मं काम मेंदू करतो. डोळ्यांकडून येणारे संदेश कमी झाले, की मेंदूतले दृष्टीचे भाग गप्प राहत नाहीत, आपणहून चेतू लागतात. 1998 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी असे भास होत असतानाच मेंदूची चित्रं घेतली. ज्यांना चेहरे दिसत होते, त्यांच्या मेंदूतला चेहरे ओळखणारा भागच जागा झालेला आढळला. चांगल्या नजरेच्या माणसांनाही हे होऊ शकतं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 13 निरोगी माणसांनी 5 दिवस डोळ्यांवर पट्टी ठेवली. त्यातल्या 10 जणांना नसलेल्या गोष्टी दिसल्या. त्यांना कुणी वेडं म्हणेल का?

तरीही मी नुसत्या बोलण्यावर विसंबले नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. फिजिशियनकडून सोडियम, साखर, लघवीतला जंतुसंसर्ग आणि चालू गोळ्या तपासून घेतल्या, स्मरणशक्तीची चाचणी करवली. सगळं वयाला साजेसं निघालं.

मग घरच्यांना एकत्र बसवलं. पासबुक त्याच दिवशी आजींकडे परत गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "तिथं काही नाही, उगीच काहीतरी बोलू नकोस" असं म्हणायचं नाही, आणि "हो हो, आहेत मुलं" अशी मान डोलवायचीही नाही. "आत्ता दिसतायत का? त्रास होतोय का?" एवढं विचारायचं. संध्याकाळ व्हायच्या आत पॅसेजचा दिवा लावायचा. चित्र आलं की आजींनी मान स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे भरभर फिरवायची, पापण्या मिटायच्या-उघडायच्या, उठून दोन पावलं चालायचं किंवा सरळ हात पुढे करायचा. दुपारच्या सुन्न वेळेला रेडिओ लावायचा. जाळी पूर्ण गेली नाही, पण पॅसेजमध्ये थांबणं गेलं.

खरं दुःख मात्र वेगळंच होतं, ते नंतर बाहेर आलं. आजींना वाचता येईना. पोथी सुटली, पेपर सुटला. लग्नाकार्यात लोक म्हणत, "बघून न बघितल्यासारखं करतात." सूनही एकदा बोलून गेली होती, "खाली पडलेलं नाणं दिसतं आणि माझा चेहरा दिसत नाही?" होय, असंच होतं. मॅक्युला गेला की मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. हे कळल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ती खोलीत शिरताना "मी आले हं" म्हणते. नातवानं फोनवर मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय लावून दिली. आजी आता सकाळी पेपर ऐकतात आणि बातम्यांवरून मुलाशी वादही घालतात.

भास किती दिवस टिकतील, असं त्यांनी विचारलं. काहींचे वर्ष-दीड वर्षात विरळ होतात, काहींचे बरीच वर्षं राहतात. ठरावीक औषध नाही. मोतीबिंदूमुळे नजर गेली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर भास थांबूही शकतात. म्हणून डोळ्यांची तपासणी आधी.

मात्र चित्रांबरोबर आवाज किंवा वास येऊ लागले, माणूस ती खरी मानू लागला, एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, दिवसभर झोपाळला, चाल मंदावली किंवा हात थरथरू लागले, तर गोष्ट वेगळी. तो लुई बॉडी स्मृतिभ्रंश (विसरण्याबरोबर भासही होणारा मेंदूचा आजार), पार्किन्सन्स म्हणजे कंपवात किंवा एखादा संसर्ग असू शकतो. अशा वेळी फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे लगेच न्या, आणि भास थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका. लुई बॉडीच्या रुग्णांना त्यातल्या काही गोळ्या जिवावर बेतू शकतात.