रिकामा डबा

ईरा,

काल तू चिडलीस. समोरच्या पोर्तुगीज आजींचा डबा धुऊन तीन दिवस ओट्यावर पडलाय. "स्वच्छ आहे ना, मग देऊन टाकू की! रिकामा का नाही द्यायचा?" मी घाईत "तशी पद्धत आहे" म्हटलं. ते काही उत्तर नव्हे. रात्रपाळीला निघण्याआधी नीट लिहून ठेवतेय.

आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तुझी आजी म्हणते, रिकामं भांडं म्हणजे 'फिटलं बाई एकदाचं'. लहानपणी मलाही ही कटकटच वाटायची, कारण भांडी पोचवायला मीच!

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पुण्यात अख्ख्या वर्षात सरासरी एवढा पडत नाही. लोकल बंद, फोन बंद. मी साकीनाक्याहून मुलुंडला पायी निघाले. कुर्ल्याच्या अलीकडे मिठी नदी रस्त्यावर आलेली. छातीपर्यंत पाणी, गटार कुठलं नि रस्ता कुठला ते कळेना. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून चाललेली. एका चाळीच्या जिन्यातून एक बाई ओरडली, "पोरी, वर ये! पुढं जाऊ नको."

वर दीड खोलीत आम्ही अकरा परके. घर कोकणी मुसलमानांचं, रत्नागिरीकडचं. तिने लेकीचा कोरडा ड्रेस दिला, मेणबत्तीच्या उजेडात खिचडी आणि सुकटीची चटणी वाढली. (मी तेव्हा सुकट खात नव्हते. तेव्हापासून खाते. आजीला अजून माहीत नाही.) सकाळी रुळांवरून घरी निघाले, तर हातात स्टीलचा डबा दिला. तांदळाच्या भाकऱ्या. झाकणावर तिच्या नवऱ्याचं नाव घातलेलं.

नारळीपौर्णिमेला आजी आणि मी तो डबा परत करायला गेलो, आत नारळीभात. त्या बाईने, म्हणजे आमच्या खालाने (खाला म्हणजे मावशी), तो ताटात काढला, डबा विसळला, आत गेली आणि भरूनच परत आणला. आजीला हसूच फुटलं. "अगं, ह्यांच्यातही हेच!"

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. फराळ गेला, शीरखुर्मा आला. पुढे कोणाची पाळी हा हिशोब कोणी ठेवलाच नाही. माझ्या लग्नात खाला करवल्यांहून जास्त मिरवली, फोटोत बघ, हिरव्या साडीतली.

तो डबा सध्या आपल्याकडे आहे, तू रंगीत खडू ठेवतेस तोच. डिसेंबरात मुंबईला जाऊ तेव्हा लागेल, रिकामा करून ठेव.

आणि आज शाळेतून आलीस की समोरच्या आजींकडे जाऊन ये. नारळाच्या वड्या थापून ठेवल्यात. चौकोनी आठ त्यांच्या डब्यात भर, कडेच्या तुटक्या तुझ्या.

आई