वाचक विचारतात : जुलमी गेला, मग रक्त का थांबत नाही?

नेपाळ आणि बांगलादेशचे व्हिडिओ मोबाइलवर बघून बऱ्याच जणांनी एकाच विषयावर लिहिलंय, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, मी एमपीएससीची तयारी करते. फ्रेंच राज्यक्रांती सनावळीसकट पाठ आहे. पण राजाला मारून झाल्यावर या लोकांनी एकमेकांनाच का मारलं ते कळत नाही. क्लासमध्ये ‘क्रांती आपलीच पिल्लं खाते’ एवढं सांगतात आणि पुढच्या टॉपिकला जातात. (राजारामपुरी)

उत्तर : त्या अर्थाचं वाक्य त्याच क्रांतीतला एक पुढारी, व्हेर्न्यो, मार्च १७९३ मध्ये भर सभागृहात बोलला होता आणि ऑक्टोबर संपता संपता त्याचंच मुंडकं गिलोटिनखाली गेलं. पण वाक्यानं कारण कळत नाही हे तुझं बरोबर आहे. मला विचारशील तर माणसं थोडी बाजूला ठेव आणि कोर्ट बघ.

त्याच मार्चमध्ये पॅरिसात एक स्पेशल कोर्ट सुरू झालं, क्रांतिकारी न्यायाधिकरण. ते व्हावं म्हणून सगळ्यात जोर लावला दांतोंनं. हा माणूस म्हणजे आपल्याकडं बिंदू चौकात सभा गाजवणारे असतात ना तसा, आवाज असा की लोक जागचे हलायचे नाहीत. आणि त्याचा मुद्दा ऐकून पटण्यासारखाच होता, आदल्या सप्टेंबरात जमावानं पॅरिसच्या तुरुंगांत घुसून हजारावर कैदी कापून काढले होते, तसं पुन्हा व्हायला नको असेल तर सरकारनंच कडक व्हायचं म्हणजे लोकांवर ती वेळ येणार नाही. वर्षभरात, एप्रिल १७९४ ला, दांतों त्याच कोर्टासमोर आरोपी म्हणून उभा. तिथं तो बोलायला लागला, ऐकायला आलेले लोक त्याच्या बाजूला झुकायला लागले, तसा घाईघाईनं एक हुकूम आणला गेला की कोर्टाचा अपमान करणाऱ्या आरोपीला सुनावणीतनं बाहेर काढता येईल. झालं, त्याचं तोंड बंद. ५ एप्रिलला त्याला संपवलं.

जूनमध्ये त्याच्याही पुढचा कायदा आला. आरोपीला वकील मिळणार नाही, त्याचे साक्षीदार ऐकलेच पाहिजेत असं नाही, निकाल दोनच, सुटका नाहीतर मृत्यू. पुढच्या सातेक आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे १४०० जणांना मारलं. या सगळ्यामागं ज्याचं नाव घेतात तो रोबेस्पिएर १७९१ मध्ये देहदंडाची शिक्षाच रद्द करा म्हणून बोलला होता, हे मात्र क्लासमध्ये कुणी सांगत नाही. २८ जुलैला त्याची पाळी आली तेव्हा त्याची सुनावणीसुद्धा झाली नाही, नुसती ओळख पटवली आणि नेलं.

यातला कुणीही पहिल्या दिवसापासनं राक्षस नव्हता. बाहेरनं युद्ध चालू होतं, आत बंड होतं, धान्य महाग झालं होतं, भीती खरी होती. खऱ्या भीतीपोटी ‘आत्तापुरतं’ म्हणून जे कोर्ट काढलं त्याला मग रोज नवीन माणूस लागायला लागला, आणि कायद्यातनं वकील काढून टाकलेला असल्यामुळं तो कोण आहे याला काही अर्थच उरला नाही.

रशियाचं बघ. ऑक्टोबर क्रांतीनंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९१७ मध्ये ‘चेका’ नावाचं गुप्त पोलीस खातं निघालं, नावातच ‘असाधारण आयोग’, म्हणजे कायमचं नव्हे. पुढं त्याची नावं बदलत गेली, खातं राहिलंच. यागोदा, येझोव्ह, बेरिया असे त्याचे ओळीनं तीन प्रमुख झाले आणि तिघांनाही गोळ्या घातल्या, १९३८, १९४०, १९५३. फक्त १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी कागदांवरच ६ लाख ८१ हजारांवर माणसं मारल्याची नोंद आहे. त्यात आपला एक माणूस होता, सरोजिनी नायडूंचा सख्खा भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून आयुष्यभर युरोपभर फिरला, आशेनं सोव्हिएत रशियात गेला, तिथंच जुलै १९३७ मध्ये पकडला आणि सप्टेंबरात गोळी घातली. त्याच्याबद्दल वाचलं की आजही गलबलून येतं, कारण इंग्रजांच्या हाती न लागलेला माणूस आपल्याच माणसांच्या हातनं गेला.

कंबोडियात तर वेळच लागला नाही. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज म्हणजे तिथले कम्युनिस्ट बंडखोर राजधानीत शिरले आणि लगेच अख्खं शहर रिकामं करायला लावलं, दवाखान्यातल्या पेशंटसकट. पावणेचार वर्षांत साधारण १५ ते २० लाख माणसं गेली, देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास असताना. नोम पेन्हमधल्या एका हायस्कूलचा त्यांनी तुरुंग केला, तुओल स्लेंग. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या खोल्या काढल्या, आणि पोरांच्या व्यायामाचा जो उंच खांब मैदानात होता त्याला कैद्यांना उलटं टांगायचे. आत आणलेल्या प्रत्येकाचा नंबर लावून फोटो काढायचे, ते फोटो आजही तिथं भिंतीवर आहेत. त्या फोटोंतले खूपसे लोक स्वतः ख्मेर रूजचेच होते, कार्यकर्ते, सैनिक, त्यांचा माहितीमंत्री हू निमसुद्धा.

प्रश्न : माझ्या आजीच्या तोंडून ४८ सालची जाळपोळ ऐकलीय. त्यामुळं क्रांती म्हटलं की मला पेटलेली गर्दीच दिसते. शेवटी हे सगळं जमावाच्या रागातनंच होतं ना? (इचलकरंजी)

उत्तर : ताई, जमावाचा राग भयंकर असतो यात वादच नाही. गांधीजींच्या खुनानंतर आपल्या भागात घरं जळाली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी ते भोगलं. फ्रेंच क्रांतीच्या सुरुवातीला पॅरिसचा बॅस्टिल हा तुरुंग-किल्ला पडला त्या दिवशीही किल्लेदाराचं मुंडकं भाल्यावर लावून रस्त्यातनं फिरवलं होतं. पण आकडे शेजारी ठेवून बघा. बॅस्टिलवर दोन्हीकडचे मिळून शंभरेक लोक गेले. १७९३-९४ मध्ये फ्रान्सभर शिक्षा सुनावून रीतसर मारलेले जवळपास १७ हजार, वांदे प्रांतातलं बंड मोडताना गेलेले त्यात धरलेलेच नाहीत. नांत शहरात कैद्यांना बोटींत घालून लुआर नदीत बुडवलं, तेही सरकारनं पाठवलेल्या प्रतिनिधीच्या, कारियेच्या राज्यात. गर्दी दोन-चार दिवसांत घरी जाते. ऑफिसात बसून याद्या करणारा माणूस रोज सकाळी कामावर येतो.

प्रश्न : आमच्या गावात १९४२ ला सात जीव गेलेत. त्यामुळं हिंसा म्हटली की लगेच नाक मुरडणारा मी नाही. पण कमी रक्तात झालेली एखादी क्रांती असेल तर सांगा. (निवृत्त शिक्षक, गारगोटी)

उत्तर : गुरुजी, त्या सात हुतात्म्यांना आधी नमस्कार. सरकारी खजिन्यावर चालून जाताना छातीवर गोळी झेलणं आणि हातात सत्ता आल्यावर दुसऱ्याला भिंतीपाशी उभं करणं हे मी एका पारड्यात तोलणार नाही.

तुम्ही विचारलेलं उदाहरण पोर्तुगालचं. २५ एप्रिल १९७४. अंगोला, मोझांबिक, गिनी या आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या लढायांना कंटाळलेल्या लष्करातल्या कॅप्टन लोकांनीच एका दिवसात जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही पाडली. लिस्बनमध्ये एक बाई हॉटेलात कामाला होती, हॉटेलचा वाढदिवस म्हणून मालकानं कार्नेशनची फुलं आणून ठेवलेली, पण त्या दिवशी हॉटेल उघडलंच नाही म्हणून फुलं घेऊन ती घरी निघाली. वाटेत एका सैनिकानं सिगरेट मागितली, सिगरेट नव्हती, तिनं फूल दिलं, त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं, मग बाकीच्यांनीही खोचली. माणसं त्या दिवशीही गेली, गुप्त पोलिसांच्या ऑफिसातनं बाहेरच्या लोकांवर गोळीबार झाला आणि चार जण ठार झाले. पण सूड म्हणून कोर्टं काढली नाहीत. वर्षाच्या आत निवडणूक घेतो म्हणाले आणि बरोबर २५ एप्रिल १९७५ ला घेतली, नव्वद टक्क्यांवर मतदान झालं. मधे उलथापालथ झाली, नोव्हेंबर १९७५ मध्ये बंडाचा प्रयत्नही झाला, तरी तारीख पाळलेली होती म्हणून गाडी रुळावर राहिली असं मला वाटतं.

आपला एक धागा इथंही आहे. गोवामुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे याच हुकूमशाहीच्या तुरुंगात होते, लिस्बनजवळ काशियासला, गोवा मोकळं झाल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं. त्यांच्या सुटकेसाठी धडपडले ते सुधीर फडके, आपले कोल्हापूरचे बाबूजी. रानडे १९६९ ला सुटले आणि पाच वर्षांनी त्याच काशियासची दारं सगळ्या राजकीय कैद्यांसाठी उघडली.

फक्त हेही लिहायला हवं की अंगोलातनं पोर्तुगीज निघाले तिथं यादवी लागली ती २००२ पर्यंत चालली. लिस्बनचा हिशेब करताना अंगोलाच्या राजधानीतली, लुआंडाची माणसं गाळून चालणार नाही.

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बांगलादेश, नेपाळमध्ये आता नेमकं काय बघायचं? आणि आपल्याकडं असले तात्पुरते कायदे कधी झाले का? (शाहूपुरी)

उत्तर : बांगलादेशात कोर्टच बघा. १९७१ च्या अत्याचारांसाठी १९७३ ला मुजीबुर रहमान यांच्या सरकारनं कायदा केला, त्याखाली २०१० मध्ये शेख हसीना यांच्या सरकारनं न्यायाधिकरण बसवलं. त्यात आरोपीला पुरेशी संधी मिळत नाही अशी तक्रार मानवी हक्कवाले तेव्हापासनं करत होते. १७ नोव्हेंबर २०२५ ला त्याच न्यायाधिकरणानं हसीना यांना गैरहजेरीत देहदंड सुनावला. हसीना यांच्याविरुद्धच्या २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधल्या आंदोलनात १४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यांच्या घरच्यांना न्याय मिळालाच पाहिजे, आणि म्हणूनच तो अशा कोर्टातनं मिळावा की उद्या कुणाला त्यावर बोट ठेवता येऊ नये. नेपाळातही पंतप्रधान कोण झालं यापेक्षा सप्टेंबर २०२५ च्या गोळीबाराची आणि जाळपोळीची, दोन्हींची चौकशी एकाच मापानं होते का ते बघा.

आणि हो, आपल्याकडंही झालेत. घटना लागू होऊन महिना होतो न होतो तेवढ्यात, फेब्रुवारी १९५० ला प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला, खटला न चालवता डांबून ठेवायचा. मुदत साधारण वर्षभराची. वाढवत वाढवत तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला, १९७१ ला त्याच्या जागी ‘मिसा’ हा तसाच कायदा आला आणि आणीबाणीत त्याखाली किती घरांतली माणसं आत गेली ते तुमच्या आजोबांना विचारा. लॉ करताय तर १९५० च्या कायद्याखाली डांबलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्याचा १९५० चा निकाल लायब्ररीतनं काढून वाचा. गोपालन हरले, पण न्यायमूर्ती फझल अली यांचं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, सुरुवात तिथनं करा.