गावात गरीब कोण, हे ठरवायचं कुणी?

प्रश्न : ताई, आम्ही पाटोदा तालुक्यातल्या एका गावची पोरं, बावीस जण, सगळे पुण्यात, कुणी कंपनीत कुणी रिक्षावर. व्हॉट्सअप ग्रुपवर वर्गणी काढली तर १ लाख ४० हजार जमले. गावातल्या गरिबांसाठी काहीतरी करायचंय, दिवाळीला गावी जाऊ तेव्हा सर्व्हे करायचा ठरलंय. पण सरपंच म्हणतात दारिद्र्यरेषेची यादी आहेच की, ती घ्या आणि वाटून टाका. आमच्यातले निम्मे म्हणतात यादी खोटी आहे, बुलेटवाल्याचं नाव आहे त्यात. ग्रुपवर रोज भांडणं चाललीत. कुणाला द्यायचं आणि ते शोधायचं कसं? – मंडळाचा खजिनदार

उत्तर : खजिनदार दादा, आधी तो दिवाळीचा सर्व्हे कॅन्सल करा. तुम्ही पाटोद्याचे, मी काय सांगायचं तुम्हाला, दसरा झाला की तुमच्याकडे ऊसतोडीला कोयते निघतात, गाडीत संसार भरला की गाव निम्मं रिकामं. ज्यांच्यासाठी पैसे जमवलेत तेच दिवाळीत कुठेतरी सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत असणार, आणि तुमचा पोरगा कुलूप बघून वहीत लिहिणार, 'बंद घर'. म्हणजे सगळ्यात गरजू घरंच यादीतून गेली, तीही तुम्ही सुट्टी काढून, एसटीचं रिझर्वेशन करून घालवली. त्यापेक्षा आखाड-श्रावणात जा. मार्च-एप्रिलला तोडीवरून परत आलेली माणसं तेव्हा गावात असतात, आणलेलं संपत आलेलं असतं आणि मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून, पुढच्या सीझनची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचं चाललेलं असतं. उचल कुणी किती घेतली आणि किती लवकर घ्यावी लागली, हे तुमच्या गावातलं गरिबीचं सगळ्यात खरं माप आहे आणि ते कुठल्याच फॉर्मवर नाहीये.

आता यादी. सरपंच म्हणतात ती दारिद्र्यरेषेची यादी बहुतेक २००२ च्या पाहणीवरची असणार. त्यात १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२, जितके गुण कमी तितकं घर गरीब. जमीन किती, घर कसलं, टीव्ही-पंखा-कुकर-रेडिओ यातलं काय आहे, कर्ज कुणाचं, आणि माणशी कपडे किती हेसुद्धा! आता सांगा, चावडीवर चार लोकांसमोर कुठली बाई सांगणार की मला दोनच लुगडी आहेत. ज्याला सिस्टीम कळली त्याने टीव्ही शेजारी नेऊन ठेवला, ज्याला नाही कळली त्याने लाजेखातर चार कपडे जास्त सांगितले. २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जात गणना झाली त्यात पद्धत बदलली, पण तिथेही दारात गाडी दिसली की घर बाहेर, मग ती भंगारातून घेतलेली एम-एटी का असेना. आणि समजा तेव्हा सगळं खरंच लिहिलं असेल तरी मधे किती वर्षं गेली. कुणाची बोअर लागली, कुणाचा कर्ता माणूस गेला. तुमच्या बुलेटवाल्याचं नाव लागलं तेव्हा तो कदाचित खरंच गरीब असेल हो, लगेच चोर नका ठरवू. यादी टाकून द्या असं मी म्हणत नाहीये, सोबत ठेवा, पण शेवटी उघडा, पडताळून बघायला.

सुरुवात नकाशापासून करायची. कागद नको, जमिनीवर, रांगोळीने. रस्ते, ओढा, टाकी काढायची, शाळा म्हणून विटेचा तुकडा ठेवायचा आणि मग एकेका घराला एक खडा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बारा-पंधरा बाप्ये उभे राहून हुकूम सोडत होते आणि अर्ध्या तासात नकाशा तयारही झाला, सगळे खूश. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक आजी चालली होती, ती थांबली, जरा बघितलं आणि काठीने बांधापलीकडची मोकळी जागा दाखवत म्हणाली, "हिकडची तीन घरं ऱ्हायली की." एक जण म्हणाला, "ती गायरानातली, ती गावात धरत नाहीत." धरत नाहीत! लेकरं धरून चौदा माणसं राहत होती त्या तीन घरांत. वहीत सगळ्यात खाली, मार्जिनमध्ये लिहिलं मी ते.

म्हणून नकाशा देवळासमोर करू नका. सगळं गावच देवळापुढे येऊन बसतं असं आपल्याला वाटतं, पण कोण येतं, कोण पायरीपाशी उभं राहतं आणि कोण येतच नाही ते तुम्हालाही माहितीये. शाळेच्या मैदानात करा, आणि प्रत्येक वस्तीवर वेगळा करून मग जोडा, वेळ लागेल, लागू दे. बायकांची बैठक रात्री भाकऱ्या उरकल्यावर, साडेआठच्या पुढे.

दुसरं, "गरीब कोण?" असा प्रश्न विचारायचाच नाही. विचारलात की एकतर सगळं गाव हात वर करतं नाहीतर कुणीच करत नाही. चिंचोके घ्या मूठभर आणि बायकांना एवढंच विचारा की या घरात ज्वारी कुठल्या महिन्यापर्यंत पुरते, जितके महिने तितके चिंचोके. दुखणं आलं तर पहिले पैसे कुणाकडनं आणतात, भावाकडनं, बचत गटाकडनं, की मुकादमाकडनं? पोर कुणाजवळ ठेवून जातात? दोन-तीन खड्यांनंतर बायकाच एकमेकींना दुरुस्त करायला लागतात, "नाय गं, तिचं तर दिवाळीलाच संपतं", आणि आपण फक्त लिहायचं. यात माझं असं काही नाही, 'उमेद'मध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, गरीब घरं ओळखताना गावाचा नकाशा काढून लोकांकडूनच घरांची क्रमवारी लावून घेतात आणि मग ती ग्रामसभेपुढे ठेवतात. तुमच्या गावात बचत गटांचा ग्रामसंघ असेलच, तर पुण्याहून जाऊन नवी समिती काढू नका, त्या बायकांना जाऊन विचारा, वही त्यांच्याकडे आधीच असेल.

केरळचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. आलप्पुळात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पन्न विचारणं सोडून नऊ साध्या खुणा ठरवल्या होत्या, संडास नाही, पिण्याचं पाणी जवळ नाही, बाईवर घर चालतं, अशा, आणि वस्तीतल्या बायकांनीच घरं मोजली. पुढे १९९८ ला कुडुंबश्री, म्हणजे केरळमधलं बायकांच्या गटांचं सरकारी अभियान, उभं राहिलं त्याची मुळं तिथली. आणि २०२१ नंतर पंचायतींनी वॉर्डावॉर्डात फिरून अतिगरीब अशी ६४,००६ कुटुंबं काढली आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा प्लॅन केला, अन्न, आरोग्य, कमाई, घर यातलं नेमकं काय अडलंय ते बघून. १ नोव्हेंबर २०२५ ला राज्य अतिदारिद्र्यमुक्त झालं म्हणून जाहीर केलं त्यावर अर्थतज्ज्ञांनी भरपूर वाद घातला, घालू देत. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते घरटी वेगळा प्लॅन करणं. कितीतरी लोकांना पैशाआधी रेशन कार्ड आणि आधार काढून द्यावं लागलं तिथे.

वाटपाचा माझा अनुभव सांगते, लाज वाटते पण सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही मैत्रिणींनी पैसे काढून एका गावात ४० दप्तरं वाटली, निळी, आत कंपास वगैरे. आठेक दिवसांनी एक बाई भेटली, हसूनच म्हणाली, "ताई, दप्तर लई चांगलंय, भाकरी बांधून न्यायला बरं. पोरगी तर माझ्यासंगं फडावर यायलीय." आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं की पोरगी शाळेत टिकायला काय लागेल. विचारलं असतं तर कळलं असतं की आजी वारली म्हणून पोरीला मागे ठेवायला कुणी नाही.

तेव्हा १ लाख ४० हजार वाटू नका, एवढं माझं ऐका. घरटी भागलं तर पाचशे-हजार येतील आणि ज्याला मिळाले नाहीत तो वर्षभर बोलेल. शाळा व्यवस्थापन समितीला भेटून हंगामी वसतिगृह चालू होतंय का बघा, मागे राहणाऱ्या पोरांच्या जेवणाची सोय होते त्यात, पैसे यायला उशीर झाला तर पहिले दोन महिने तुमची वर्गणी कामाला येईल. कारखान्यावर गेलेल्यांना तिथल्या दुकानात आपल्या कार्डावर रेशन मिळू शकतं, ते कुणाकुणाचं अडतं बघा, बहुतेक ठिकाणी आधार जोडलेलं नसतं नाहीतर अंगठा उठत नाही. आणि ग्रामसभेत एकाने उठून शांतपणे विचारा की पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो यंदा कशावर झाला. शांतपणे म्हणजे मोबाईलवर शूटिंग न करता.

वहीतली कर्ज आणि आजारपणं ग्रुपवर टाकू नका. बावीस जणांत एक तरी मुकादमाचा भाचा असणारच.

प्रश्न : आमची डोंबिवलीत १८० फ्लॅटची सोसायटी आहे. दर दिवाळीला आम्ही मागच्या वस्तीत किराणा किट देतो. या वेळी बायका घ्यायला फारशा उत्सुक दिसल्या नाहीत, फोटोलाही थांबल्या नाहीत. लोकांना किंमत नाही असं कमिटीत काहींचं म्हणणं पडलं. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला वाटतं त्यांच्या घरात त्या आठवड्यात चौथं किट आलं असेल. दिवाळीत सगळ्यांनाच दानधर्म आठवतो आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना, पावसात काम बंद असताना कुणी फिरकत नाही. त्यातल्या निम्म्या बायका तुमच्याच घरी भांडी घासतात ना? मग वस्तीत सर्व्हे कशाला, दुपारी चहाला बसवा पाच-सहा जणींना, आणि कमिटीतल्या काकांना त्या वेळी बाहेर पाठवा. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत असं बसल्यावर कळलं की त्यांना किराणा नकोच होता, सुट्टी घेतली की पगार कापतात तो कापू नका, आणि वॉचमनच्या संडासाला कुलूप असतं ते काढा, एवढंच हवं होतं. कमिटीला हे किटपेक्षा महाग वाटलं, पण कुलूप निघालं. फोटोचं म्हणाल तर तुमच्या मुलीला फीसाठी कुणी चेक देताना तुम्ही फोटो काढू दिला असता का?

प्रश्न : मी गावात बचत गटाची सचिव आहे. आमच्या गल्लीतल्या विधवा बाईचा संजय गांधी निराधारचा अर्ज दोनदा परत आला, उत्पन्न जास्त आहे म्हणे. ती तर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. गटाने काय करावं? ती आता अर्जच नको म्हणते.

उत्तर : या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. खुरपायला जाणारी बाई महिन्यात आठ-दहा दिवस कामाला गेली की या आकड्याहून जास्त कमावते, तेव्हा अट किती जुनी झालीय ते तुम्हीच बघा. मिळतात महिन्याला १५०० रुपये. आधी तिचा उत्पन्नाचा दाखला हातात घेऊन वाचा, आकडा कुठून आलाय. पुष्कळदा दीर किंवा सासऱ्याच्या नावचा सातबारा एकत्र असतो आणि त्यांचं उत्पन्न हिच्या दाखल्यावर चढतं, ही राहते मात्र वेगळी, वेगळ्या चुलीवर. तसं असेल तर आधी रेशन कार्ड वेगळं करून घ्या, मग तलाठ्याकडे जाऊन त्यावर नवा दाखला मागा. अर्ज परत आला त्याचं कारण लेखी मागा, तोंडी 'बसत नाही' म्हणतात ते ऐकून परत येऊ नका. आणि तिला एकटीला पाठवू नका, गटातल्या दोघी सोबत जा, त्या दिवसाचा रोज बुडतो तो गटाच्या फंडातून द्या, तसा ठराव करून घ्या या महिन्याच्या मीटिंगला. ती अर्ज नको म्हणते त्यात दोन वेळा बुडलेले रोजही असतील.