जुनी फियाट, मागे कॅराव्हॅन आणि घाटमाथ्याची वाट

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे आजही चालत्या स्थितीत आहे. माझ्या मेहुण्यांनी पुण्याहून दोघांपुरती एक छोटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, आणली आहे. दिवाळीनंतर ती फियाटला जोडून पत्नीसह आठ-दहा दिवस बेळगाव जिल्ह्यात फिरावे आणि शेवटी चोर्ला घाटाने गोव्यात उतरावे, असा विचार आहे. गाडी एवढे ओझे ओढेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ओढेल, मात्र थांबेल का, हे आधी पाहावे लागेल. आपल्या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, वजन नऊशे किलोंच्या आतबाहेर आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. कॅराव्हॅनची परंपरा जुनी असलेल्या इंग्लंडात, सामानासह कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा संकेत आहे. त्या हिशेबाने साडेसातशे किलोंपर्यंत मुभा मिळते. पण तो संकेत आपल्याकडच्या घाटांसाठी आणि साठीकडे झुकलेल्या गाडीसाठी ठरवलेला नाही. मी पाचशे किलोंवर जाऊ नये असे म्हणेन, आणि तेही कॅराव्हॅनला स्वतःचा ब्रेक असेल तरच.

घाटात उंचीने सहाशे मीटर उतरणे म्हणजे काय, हे एकदा हिशेब करून पाहावे. गाडी, माणसे, सामान आणि कॅराव्हॅन मिळून सोळाशे किलो धरले, तर तेवढे उतरताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर तीस लिटर, म्हणजे जवळजवळ तीन कळशा पाण्याला उकळी येईल. यातली जेवढी इंजिन पेलणार नाही तेवढी सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची) पकड सुटते आणि पायाखालचे पेडल खोल जाऊ लागते. काही वर्षांपूर्वी मित्राच्या अँबेसिडरमागे सामानाची ट्रॉली जोडून आम्ही आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरत होतो. अर्ध्या घाटात करपट वास आला, पेडल पहिल्यासारखे लागेना, आणि गाडी पहिल्या गियरवर आणून कशीबशी कडेला लावल्यावर चाकावर पाण्याचे चार थेंब टाकले, तर ते तव्यावर टाकल्यासारखे चुरचुरत उडाले. चाकांखाली दगड लावून आम्ही पाऊण तास तिथे बसलो. चूक सर्वस्वी आमची होती, कारण ट्रॉलीला ब्रेक नव्हता आणि आम्ही तिसऱ्या गियरवर उतरत होतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की कॅराव्हॅन घेऊन घाट उतरूच नये. आपला जिल्हा घाटमाथ्यावर वसलेला आहे. पश्चिमेला कडा तुटतो, पूर्वेला मैदान पसरत जाते. गोव्याला जायचेच असेल, तर ओळखीच्या कुणाच्या अंगणात कॅराव्हॅन उभी करून नुसत्या फियाटने चोर्ला उतरावा. ज्या गियरवर चढलो असतो त्याच गियरवर उतरावे, आणि पहिला गियर हवा असेल तर तो वळण येण्याआधीच टाकून ठेवावा, कारण या गाडीच्या पहिल्या गियरला सिंक्रो (चालत्या गाडीत गियर अलगद जुळवणारी योजना) नाही आणि उतारावर पळत्या गाडीत तो सहजी पडत नाही. तिलारीच्या घाटात मात्र नुसत्या फियाटनेही जाऊ नये. ते चढ फार उभे आहेत.

आठ-दहा दिवसांना पूर्वेकडची वाट पुरेशी आहे. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली फाशी दिले गेले ते स्थान पाहून, हलशीची कदंबकालीन देवळे करून कित्तूरला यावे. (हलशीचा रस्ता अरुंद आहे, कॅराव्हॅन नंदगडलाच ठेवावी.) कित्तूरचा किल्ला, पुढे बैलहोंगल, सौंदत्ती, मलप्रभेवरचे नविलुतीर्थ धरण, मग यरगट्टीवरून गोकाक. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल, तर यात्रेच्या गर्दीत मागे-पुढे घेणे अशक्य होईल, हे ध्यानात ठेवावे. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीचा आहे आणि त्याचे खरे रूप पावसाळ्यात दिसते. दिवाळीनंतर पाणी कमी असले, तरी झुलत्या पुलासाठी तिथे जाणे योग्य ठरेल. तिथून हिडकल, हुक्केरी, संकेश्वर करून महामार्गाने परतावे. वंटमुरीचा घाट छोटा असला तरी तिथे ट्रकांची गर्दी असते.

मुक्कामासाठी देवस्थानाचे आवार किंवा ओळखीचा मळा सर्वांत बरा. दिवस मावळण्याआधी पोहोचून परवानगी मागावी. भीमगड अभयारण्याच्या परिसरात रस्त्याकडेला रात्र काढू नये. अस्वलांना आपल्या हौसेचे कौतुक नसते.

निघण्यापूर्वीच्या कामांपैकी सर्वांत महत्त्वाचे काम कॅराव्हॅन ओढायच्या हुकाचे. फियाटला वेगळी चौकट नसते, तिची बॉडीच चौकटीचे काम करते. त्यामुळे हूक बंपरला न जोडता तळाच्या मुख्य पट्ट्यांना आतून जाड पत्रा देऊन बोल्टने आवळून घ्यावा, आणि सोबत सुरक्षा साखळी जोडावी. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम आणि ड्रम लेथवर साफ करण्याचे काम नीट समजून करणारे कारागीर आहेत. कॅराव्हॅनच्या तोंडाचा हुकावर पडणारा भार तिच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे पाचशे किलोंना २५ ते ३५ किलो. कपलिंगखाली (हुकाला जोडायच्या तोंडाखाली) लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरचा वजनकाटा ठेवला की तो मोजता येतो. सामान मागच्या बाजूला भरले, तर कॅराव्हॅन शेपूट हलवू लागते. तसे झाल्यास ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे न गेल्यास तशी वेळ सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट पेट्रोलची. हल्ली पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते (त्यातले काही आपल्याच भागातल्या उसाचे असेल), आणि जुन्या रबराच्या नळ्या व फ्युएल पंपाचा पडदा त्याने खराब होतो. दोन्ही नवीन, इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावे. चढावर गाडी अडखळून बंद पडली, तर बहुधा पेट्रोलची वाफ नळीत अडकलेली असते. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबावे.

प्रश्न : गाडी पन्नास वर्षांहून जुनी असल्यास ‘व्हीए’ क्रमांक (व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नोंदणी क्रमांक) घ्यावा काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सहलीला जायचे असेल तर घेऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपात असलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०,००० रुपये शुल्क भरून तो क्रमांक मिळतो. पण मग ती प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यापेक्षा नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. कॅराव्हॅनची नोंदणी ट्रेलर म्हणून स्वतंत्र लागते आणि तिच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचाही क्रमांक लावावा लागतो. महाराष्ट्रातली कॅराव्हॅन बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवणार असाल, तर तिला इथला क्रमांक घ्यावा लागेल.

प्रश्न : कॅराव्हॅन मागे घेताना दर वेळी उलट्याच दिशेला वळते. काय करावे?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : स्टिअरिंग वरून न धरता हात खालच्या बाजूला ठेवावा; मग कॅराव्हॅनची पाठ ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला हात सरकवला की पुरते. थोडेसेच सरकवावे, आणि ती वाकडी होऊ लागली तर पुढे जाऊन पुन्हा सरळ करावी. आपल्या तालुक्यात उसाची ट्रॉली कारखान्याच्या आवारात इंच-इंच मागे लावणारे ट्रॅक्टरचालक गावोगाव आहेत. गळीत हंगामात त्यांना सवड नसते. त्याआधी एखाद्याला मोकळ्या रानात गाठून दोन सकाळी त्याच्याकडून शिकून घ्यावे.