जेलवरचा ठळक बँड मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवला की एन्झाइम सिद्ध झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मातीतून मिळवलेल्या बॅसिलस जिवाणूचं प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) अमोनियम सल्फेट आणि आयन-एक्स्चेंज कॉलम वापरून शुद्ध केलंय. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ३२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास एकच ठळक बँड येतो. तो कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांचं वजन मोजून प्रथिन ओळखण्याचं तंत्र) पाठवला की एन्झाइम ओळखलं असं लिहिता येईल का? आणि याच पद्धतीने जिवाणू कसे ओळखतात, रोगाचं निदान कसं करतात?

लिहिता येणार नाही. त्या बँडमध्ये कोणतं प्रथिन आहे एवढंच मास स्पेक्ट्रोमेट्री सांगते. काम कोणतं प्रथिन करतंय हे तिला कळत नाही, कारण जेलवर जाण्याआधी तुम्ही नमुना उकळून सगळ्यांचं काम बंद पाडलेलं असतं. ‘एक बँड म्हणजे शुद्ध एन्झाइम’ हे वाक्य मी कित्येक प्रबंधांत वाचलंय आणि दर वेळी त्यावर भांडलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्यासारखाच एक नमुना तपासायला आला होता. बॅसिलस, स्किम मिल्कच्या माध्यमात वाढवलेला, ३२ किलोडाल्टनचा जाड बँड. अहवालात सर्वांत वर केराटिन, म्हणजे माणसाची त्वचा आणि केस. खाली गाईचं केसीन, हे माध्यमातून आलेलं. त्याखाली भरपूर पेप्टाइड्स (प्रथिनाचे तुकडे) असलेलं, जिवाणूचं स्वतःचं म्हणावं असं पहिलं प्रथिन होतं फ्लॅजेलिन. जिवाणू ज्या शेपटीने पोहतो त्या शेपटीची ही वीट. बॅसिलस सबटिलिसमध्ये तिचं वजन ३२ ते ३३ किलोडाल्टन भरतं आणि वाढीच्या माध्यमात ती भरपूर सांडलेली असते. प्रोटिएजचं एकही पेप्टाइड नव्हतं. नमुना तर केसीन फडशा पाडल्यासारखं पचवत होता.

मग प्रोटिएज गेलं कुठे? ते लोडिंग बफरमध्येच, म्हणजे जेलवर घालण्याआधी नमुन्यात मिसळतात त्या द्रावणातच, स्वतःला खाऊन संपलं होतं. सबटिलिसिन गटातली (बॅसिलसची सेरीन) प्रोटिएज त्या बफरमधल्या एसडीएस या प्रथिनं उलगडणाऱ्या साबणातही काही काळ चालू राहतात. ट्यूब ९५ अंशाला पोहोचेपर्यंत जो मिनिटभर जातो, तेवढ्यात आजूबाजूची प्रथिनं एसडीएसने उलगडून मऊ झालेली असतात आणि हे एन्झाइम मात्र अजून ताठ असतं. ते शेजाऱ्यांना कापतं, मग उलगडलेल्या आपल्याच भाईबंदांना कापतं. जेलच्या तळाशी डायच्या रेषेजवळ धुरकट पट्टा दिसला तर तो हाच कचरा असण्याची दाट शक्यता. बहुतेक जण तेवढा भाग छायाचित्रातून कापून टाकतात. तो कापू नका, सगळ्यात आधी तिथे पाहा.

यावर उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. एन्झाइम आधी मारायचं, मग लोडिंग बफर घालायचा. ९०० मायक्रोलिटर नमुन्यात १०० मायक्रोलिटर १०० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घाला, अर्धा तास बर्फावर ठेवा, ४ अंशाला १० ते १५ मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा. तळाचा साका थंड अॅसिटोनने दोनदा धुवा. झाकण उघडं ठेवून काही मिनिटंच वाळवा. कोरडा ठणठणीत केलात तर तो पुन्हा विरघळत नाही. लोडिंग बफर घातल्यावर निळा रंग पिवळा झाला तर आम्ल उरलंय असं समजा आणि निळा परतेपर्यंत एकेक मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस बेस घाला. दुसरा मार्ग पीएमएसएफचा, म्हणजे प्रोटिएज अडवणाऱ्या एका रसायनाचा. आयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिलिमोलरचा साठा करून नमुन्यात १ मिलिमोलर होईल इतकं घ्या आणि २० मिनिटं थांबा. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ८ ला तासाभरात बरंचसं निकामी होतं, त्यामुळे काल बफरमध्ये मिसळून ठेवलेलं आज चालणार नाही. शिवाय ते मुख्यतः सेरीन प्रोटिएजच थांबवतं. बॅसिलसचं न्यूट्रल प्रोटिएज जस्तावर चालतं, त्याला थांबवायला धातू बांधून ठेवणारं ईडीटीए लागतं, १० मिलिमोलर. तुमचं कोणतं आहे ते माहीत नसेल तर सरळ ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लच वापरा.

त्या नमुन्यावर हे केल्यावर दुसऱ्या जेलवर २८ किलोडाल्टनच्या जरा खाली एक फिकट बँड आला. फ्लॅजेलिनचा बँड जागच्या जागी, तितकाच जाड. कापलेल्या फिकट बँडमधून सबटिलिसिनची पेप्टाइड्स मिळाली, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. खरी परीक्षा कॉलमच्या फ्रॅक्शन्सनी (कॉलममधून क्रमाने गोळा केलेल्या भागांनी) घेतली. १२ ते १९ क्रमांकाची प्रत्येक फ्रॅक्शन सारख्याच आकारमानाने शेजारी शेजारी चालवली आणि खाली प्रत्येकीची सक्रियता लिहिली. ३२चा बँड १४व्या फ्रॅक्शनमध्ये सर्वांत जाड, १७व्यात जवळजवळ दिसेनासा. सक्रियता मात्र १७व्यात सर्वाधिक, आणि २८चा फिकट बँड तिच्याबरोबर चढला, तिच्याबरोबर उतरला. एन्झाइमचा बँड सक्रियतेची सोबत सोडत नाही. ही एक जेल तुमच्या प्रबंधात नसेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीचा अहवाल कितीही चकचकीत असो, मी तो मान्य करणार नाही.

फिकट बँडला कमी लेखण्याची सवय कुमासीमुळे, म्हणजे जेल रंगवायच्या निळ्या रंगामुळे लागते. कुमासी मुख्यतः आर्जिनीन आणि थोडंफार लायसीन यांना धरतो. सबटिलिसिनमध्ये आर्जिनीन फारच थोडं. त्यामुळे सारख्याच मायक्रोग्रॅमचा बँडही फिका दिसतो, आणि त्याच रंगावर चालणारी ब्रॅडफर्ड चाचणी प्रथिन कमी दाखवते. परिणामी युनिट प्रति मिलिग्रॅमचा आकडा फुगतो. बीसीए या प्रथिन मोजण्याच्या दुसऱ्या चाचणीने पडताळून पाहा, फक्त नमुन्यात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही बंध तोडणारी रसायनं नकोत, ती बीसीएला फसवतात.

हा गोंधळ नवा नाही. जेम्स सम्नरने १९२६ मध्ये जॅक बीनच्या पिठातून युरिएजचे स्फटिक काढले आणि एन्झाइम हे प्रथिनच असतं असं म्हटलं. रिचर्ड विलस्टेटरचा गट ते मानायला तयार नव्हता, कारण त्यांच्या पेरॉक्सिडेजच्या द्रावणात सक्रियता भरपूर असूनही प्रथिनाची चाचणी रिकामी येत होती. प्रथिन तिथे होतंच. ते चाचणीला दिसेल त्याहून कमी होतं, एवढंच. सम्नरला १९४६ मध्ये नोबेल मिळालं. चाचणीला दिसत नाही म्हणून प्रथिन नाही असं मानणं आणि जेलवर सर्वांत जाड दिसतं म्हणून तेच एन्झाइम मानणं, या दोन्हींत चूक एकच आहे.

झायमोग्रॅम, म्हणजे एन्झाइमचं काम जेलवरच दाखवणारी चाचणी, जरूर करा. जेल ओततानाच त्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर जिलेटिन किंवा केसीन मिसळा, नमुना उकळू नका, मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका, जेल ४ अंशाला चालवा. नंतर २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन धुण्या देऊन एसडीएस काढा. मग ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड यात ३७ अंशाला काही तास ठेवून कुमासीने रंगवा. निळ्या जेलवर पांढरी खिडकी उघडते, तिथे एन्झाइम. पण त्या खिडकीचं वजन मार्करच्या शिडीवरून वाचू नका. न उकळलेलं प्रथिन पूर्ण उलगडलेलं नसतं, त्यात जेलमधलं जिलेटिन त्याला अडवतं, त्यामुळे ते भलतीकडेच थांबतं. झायमोग्रॅमच्या शेजारच्या लेनमधून तोच भाग कापून पाठवलात तर त्याला अर्थ आहे. दुसऱ्या, उकळलेल्या जेलवर पट्टी लावून जागा जुळवणं मात्र बरोबर नाही.

आता बँड पाठवायचाच आहे, तर केराटिनचं बघू. जेल ताज्या द्रावणात रंगवा. पुन्हा पुन्हा वापरलेल्या कुमासीत आधीच्या सगळ्या जेल्सची प्रथिनं आणि धूळ असते. हातमोजे घातल्यावर धुवा आणि त्यांनी केसांना, चेहऱ्याला हात लावू नका. लोकरीचं काही अंगावर नको. नव्या पात्याने बँड आतल्या बाजूने काटेकोर कापा, कडेचं रिकामं जेल प्रथिन देत नाही, फक्त ट्रिप्सिन (प्रथिनाचे तुकडे करायला वापरतात ते एन्झाइम) पिऊन टाकतं. एक मिलिमीटरचे तुकडे करा. त्याच जेलच्या रिकाम्या जागेचा एक तुकडा वेगळ्या ट्यूबमध्ये पाठवा. त्यात जे निघेल ते तुमच्या बँडच्या यादीतून वजा करायचं. कुमासीने डोळ्याला दिसणारा बँड पुरेसा असतो. सिल्व्हर स्टेन केला असेल आणि त्यात ग्लुटराल्डिहाइड असेल तर ते प्रथिन जेलशी बांधून टाकतं आणि पेप्टाइड्स बाहेर येत नाहीत. ट्रायटनचा अंशही नको. तशी दूषितता स्पेक्ट्रममध्ये ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची शिडी उभी करते आणि तुमची पेप्टाइड्स तिच्याखाली गाडली जातात. त्यामुळे झायमोग्रॅमच्या ज्या लेनमधून पाठवणार ती ट्रायटनमध्ये बुडवण्याआधीच कापून वेगळी करा. हे लोकांच्या हमखास लक्षातून जातं.

पुढचं काम मास स्पेक्ट्रोमेट्रीवाले लोक करतात, तरी अहवाल वाचता यावा म्हणून सांगतो. डीटीटीने बंध तोडतात, आयोडोअॅसिटामाइडने सिस्टीन झाकतात (प्रत्येकी ५७ डाल्टन वाढतात), ट्रिप्सिन रात्रभर ३७ अंशाला. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीनच्या पुढे कापतं, पुढचं प्रोलीन असेल तर सहसा नाही. म्हणजे या दोन्हींची गरिबी असलेल्या प्रथिनाचे तुकडे मोजके आणि लांबलचक होतात. तुमच्या प्रोटिएजला दहा पेप्टाइड्स मिळाली नाहीत तर घाबरू नका. दोन तरी फक्त त्याच प्रथिनाची हवीत, आणि चुकीच्या ओळखीचं प्रमाण १ टक्क्याच्या आत राखलेलं हवं. डेटाबेसमध्ये सबटिलिसिनचा पूर्ण क्रम ३८० च्या आसपास अमिनो आम्लांचा दिसेल, वजन ३९ किलोडाल्टनच्या जवळ. तुमचा बँड २७ ते २८चा म्हणून तो नाकारू नका. सिग्नल आणि प्रोपेप्टाइड हे सुरुवातीचे भाग कापून गेल्यावर सक्रिय एन्झाइम २७५ च्या आसपास अमिनो आम्लांचं उरतं. पेप्टाइड्स सगळी त्या शेवटच्या भागातली असतील तर ते उलट चांगलं लक्षण आहे.

शोध कोणत्या डेटाबेसमध्ये घेतला ते विचारल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका. जो क्रम तिथे नाही तो सापडणार नाही, त्याचा जवळचा नातेवाईक सापडेल. बॅसिलसचे सर्व क्रम, नेहमीच्या दूषकांची यादी आणि गाईच्या दुधाची प्रथिनं एकत्र हवीत. केसीन यादीत नसेल तर त्याची पेप्टाइड्स ओळखीविना पडून राहतात किंवा भलत्याच प्रथिनाच्या नावावर जमा होतात. तुमच्या स्ट्रेनचा जीनोम वाचून घेतलेला असेल तर त्याहून उत्तम काही नाही.

जिवाणू ओळखण्याचं तंत्र नावाने सारखं वाटतं, पण वेगळं आहे. माल्डी-टॉफ या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या प्रकारात वसाहतीचा टिपका प्लेटवर पुसतात, त्यावर ७० टक्के फॉर्मिक आम्ल, मग १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा शोषणारं द्रावण). यंत्र २,००० ते २०,००० डाल्टन या पट्ट्यातली शिखरं टिपतं, बहुतेक रायबोसोमची प्रथिनं, आणि नक्षी संग्रहाशी ताडून बघतं. एकाही प्रथिनाचा क्रम वाचला जात नाही. ई. कोलाय आणि शिगेला यात वेगळे पडत नाहीत. बॅसिलस १८ ते २४ तासांचाच घ्या, जुन्या वसाहतीत बीजाणू झाले की नक्षी बदलते. आणि यातून तुमच्या प्रोटिएजबद्दल काहीही कळत नाही.

रोगाबद्दल एवढंच सांगतो. रक्तद्रवात मिलिलिटरला ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिन असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक एकटं अल्ब्युमिन. रोगाची खूण बहुतेकदा त्याच्या कोट्यवधी पट कमी असते. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचा शोधनिबंध आला होता. पुढे कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा तपासला, तेव्हा फरकाचा मोठा भाग नमुने कसे हाताळले आणि यंत्र कसं चाललं यातून आल्याचं दिसलं. रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी माणसांचे दुसऱ्या दिवशी चालवले तर यंत्र दिवस ओळखतं. मल्टिपल मायलोमामध्ये मात्र साधं सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आजही कामाला येतं, कारण तिथे एकच प्रतिपिंड एवढं साठतं की गॅमा भागात टोकदार सुळका दिसतो.

तुमचा ३२चा बँड फ्लॅजेलिनच आहे असं मी म्हणत नाही. बॅसिलसचं न्यूट्रल प्रोटिएजही त्याच्या अगदी शेजारी, ३३ किलोडाल्टनच्या आसपास येतं, आणि ते निघालं तर तुमचंच खरं. म्हणून आधी स्वस्तातली परीक्षा घ्या. एन्झाइमचे तीन भाग करा: एक तसाच, एक १ मिलिमोलर पीएमएसएफबरोबर, एक १० मिलिमोलर ईडीटीएबरोबर. अर्धा तास ठेवून केसीनवर सक्रियता मोजा. तसाच ठेवलेल्या भागात पीएमएसएफबरोबर जाणाऱ्या आयसोप्रोपेनॉलइतकंच आयसोप्रोपेनॉल घाला, नाहीतर तुलना फसते. ईडीटीएने सगळं थांबलं तर ३२च्या बँडकडे वळा. पीएमएसएफने थांबलं तर २८ किलोडाल्टनच्या खाली शोधा. सेरीन प्रोटिएजलाही कॅल्शियम लागतं, त्यामुळे ईडीटीएने थोडी घट दोन्हींत दिसेल, तेवढ्यावरून निर्णय करू नका. पीएमएसएफ विषारी आहे, पावडर तोलताना हूडमध्ये काम करा. तोवर कापलेला बँड काहीही न घालता वजा २० ला ठेवा, तो महिनाभर सहज टिकतो.